इर्मा कासाल आणि मी परत आणलेली गोष्ट

मंडळी, बसून घ्या. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, पहिल्या दोन रांगांत जागा आहे. पंखा एकच चालू आहे, त्याच्याखाली वयस्कर मंडळींना बसू द्या.

एवढ्या उन्हाचे तुम्ही आलात. कोणासाठी आलात? आपल्या गावची नाही, आपल्या देशाची नाही, आपल्या भाषेची नाही, अशा एका बाईसाठी. इथे बसलेल्यांपैकी तिला डोळ्यांनी पाहिलेले चार-पाच जण असतील. बाकीच्यांनी तिला फक्त वाचलं, तेही माझ्या मराठीतून. त्यात जे आवडलं असेल ते तिचं. जे खटकलं असेल ते माझं.

मी वीस वर्षं शाळेत शिकवते. बोलायची मला सवय आहे. पण आज सकाळपासून तीनदा कागद लिहिला आणि तीनदा फाडला. आता कागदाशिवायच उभी आहे. अडखळले तर सांभाळून घ्या.

अर्जेंटिनाच्या लेखिका इर्मा कासाल गेल्या. तीन आठवडे झाले. आपल्याला कळलं परवा, तिच्या भाचीचं पत्र आलं तेव्हा. दुपारचं जेवण झालं, खुर्चीत बसली, आणि बसल्या जागी गेली, असं भाचीनं लिहिलं आहे. एकसष्ट वर्षांची होती.

मी तिला एकेरीत बोलते आहे, त्याचा राग मानू नका. ती माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी होती, मोठी लेखिका होती. पण माझी माय तिला "इर्मा वं" म्हणून हाक मारायची, आणि ज्या घरात आई एखादीला "वं" म्हणते त्या घरात तिला अहो-जाहो कोण करणार?

आज मी तिच्याविषयी बोलणार आहे. आणि शेवटी माझ्याविषयीही काही सांगणार आहे. ते ऐकल्यावर तुमच्यापैकी काही जण उद्यापासून माझ्याशी वेगळं वागतील. वागा. माझी तक्रार नाही.

ती नागपूरला आली कशी, ते आधी सांगते, कारण पुष्कळांना वाटतं की कोणत्या तरी संस्थेनं बोलावलं होतं. कोणी बोलावलं नव्हतं. ती कलकत्त्याहून मुंबईला चालली होती, तिथून बोट पकडायला. वाटेत ताप भरला, डोळे पिवळे झाले, आणि नागपूर स्टेशनवर तिला गाडीतून उतरवून सरळ इस्पितळात नेलं. कावीळ. बाई एकटी, बरोबर एक बॅग, इंग्रजी मोडकंतोडकं. डॉक्टरांना विचारपूस करायला कोणी बाईमाणूस हवं होतं. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला पाठवलं. "प्रभा, तुझं इंग्रजी बरं आहे, जा." मी पंचवीस वर्षांची होते. परदेशी बाईशी बोलायची पहिलीच वेळ. मी जाऊन तिला विचारलं, तुम्हाला काय हवं? ती म्हणाली, मीठ. मला मीठ नसलेलं हे जेवण जात नाही.

आठ दिवस मी जात-येत होते. नवव्या दिवशी माय म्हणाली, "काहून वं त्या बाईले तिथं ठेवलं? तिचं कोनी हाय का इथं? घरी घेऊन ये तिले. वरन-भात काय, चार जनीत पाचवी जेवन." आमच्या घरात माणसं दोनच, माय आणि मी. पण मायच्या हिशेबात नेहमी चार धरलेले असायचे.

तर ती आमच्या महाल वस्तीतल्या दोन खोल्यांत आली आणि सहा आठवडे राहिली. मायनं तिला उसाचा रस पाजला, संत्री सोलून दिली, तेल बंद केलं. एवढ्यावर मायचं समाधान नव्हतं. कन्हानचा एक माणूस चुन्याच्या पाण्यानं हात धुऊन कावीळ उतरवतो असं तिनं ऐकलं होतं, त्याला बोलावून आणलं. पाणी पिवळं होताना पाहून इर्मा थक्क झाली. मी तिच्या कानात म्हटलं, ही चुन्याची करामत आहे, आजार काही यानं जात नाही. ती म्हणाली, माहीत आहे, पण मला इतक्या गंभीरपणे आजवर कोणी बरं केलेलं नाही, पाहू दे.

तेव्हा ती फक्त कवयित्री होती. कवितांची दोन पुस्तकं झाली होती. तिच्या नदीकाठच्या गावात लोक तिला ओळखत, त्यापलीकडे नाही. एका दुपारी तिनं मला आपली एक कविता इंग्रजीत सांगितली. माय शेजारी बसून तुरीची डाळ निवडत होती. "काय म्हनून राहिली ते?" म्हणून तिनं विचारलं, तर मी तिला मराठीत सांगायला लागले. कवितेत एक बाई खिडकीशी उभी आहे. नवरा होडी घेऊन गेला आहे. नदी चढते आहे. पाणी उंबऱ्यापर्यंत आलं, खिडकीपर्यंत आलं, तरी ती हलत नाही.

माय म्हणाली, "मंग?"

मी म्हटलं, मग काही नाही. कविता संपली.

"संपली कशी? ते बाई सकाळपासून उभी हाय. तिनं काही खाल्लं का नाही? लेकरं हायेत का तिले? घरात चूल कोन पेटवून राहिलं?"

मी हे इर्माला सांगितलं. मला वाटलं ती हसेल. हसलीच. खूप हसली. मग हसता हसता थांबली आणि बराच वेळ डाळीच्या सुपाकडे पाहत बसली. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्याकडे कागद मागितले. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे उरलेले आखीव कागद होते, ते दिले. आमच्या मागच्या अंगणात खाट टाकून नऊ दिवस ती लिहीत होती. तीच बाई, तोच पूर, पण आता ती बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून चुलीऐवजी टेबलावर स्टोव्ह ठेवून सूप करते, आणि वरच्या माळ्यावर बसवलेल्या तीन मुलांना शिडीवरून वाढते. तिची पहिली कथा. इथे, महालात, उत्तरपत्रिकेच्या कागदावर लिहिलेली. तिच्या देशात जे लोक तिच्या कथांवर जाडजाड लेख लिहितात, त्यांना हे ठाऊक नसेल. तुम्हाला असावं म्हणून सांगितलं.

ती आपल्या देशी परतली, आणि पत्रं सुरू झाली. मला तिची भाषा येत नाही. शिकायचा प्रयत्न केला, व्याकरणाचं एक पुस्तक तिनं पाठवलंही, पण ते माझ्याच्यानं झालं नाही. म्हणून आमची रीत अशी होती. ती जे लिहील ते आपल्या तोडक्या इंग्रजीत उतरवून पाठवायची, शब्द अडला तर समासात चित्र काढायची. मी ते मराठीत लिहायची. मग तिला पत्रानं विचारायची, ही बाई चिडून बोलते का दमून बोलते? उत्तराला दीड महिना लागायचा. एकेक कथा वर्षभर चालायची. तुम्ही वाचलेल्या प्रत्येक पानामागे असे दहा-बारा लखोटे आहेत.

कथांवर ती थांबली नाही. रेडिओसाठी नाटकं लिहायला लागली. तिकडचे विद्वान नाराज झाले. कवयित्री होती, कथाकार झाली, आता दुपारी बायकांनी भाजी चिरता चिरता ऐकायची नाटकं लिहिते! मी पण पत्रात थोडं तसंच लिहिलं होतं. लिहिलं होतं, तुझ्या कथा थांबल्या याचं वाईट वाटतं. तिनं उत्तर दिलं, आमच्या गावात मांस डब्यात भरायचा कारखाना आहे. तिथल्या बाया वाचत नाहीत, त्यांना वेळ नाही. पण त्यांच्या कामाच्या खोलीत रेडिओ आहे.

त्याच बायांवर मग तिनं कादंबरी लिहिली. त्या कादंबरीला तिच्या देशातला मोठा पुरस्कार मिळाला. वर्तमानपत्रातलं कात्रण आलं, त्यात फोटो. मायनं दिलेलं सुती पातळ अंगाभोवती घेऊन ती मंचावर उभी. मायनं चष्मा लावून फोटो पाहिला आणि पहिलं वाक्य काय? "पदर कोनत्या खांद्यावर घेतला इनं! शिकवलं होतं ना मी!" आणि मग ते कात्रण आठ दिवस पदराला बांधून फिरली. किराणावाल्याला दाखवलं, पोस्टमनला दाखवलं.

पुरस्कारानंतर माणसं जे मिळालं तेच पुन्हा लिहितात. हिनं मुलांसाठी गोष्टी लिहायला घेतल्या. मी विचारलं, का? ती म्हणाली, मोठी माणसं आता मला पुरस्कारवाली बाई म्हणून वाचतात, मुलं तसं करत नाहीत, कंटाळा आला की उठून जातात.

मंडळी, इथपर्यंत सांगणं सोपं होतं. आता पुढचं.

तिच्या देशात लष्कराचं राज्य आलं. माणसं घरांतून उचलून नेली जाऊ लागली आणि परत येईनाशी झाली. तिची पत्रं बदलली. हवा कशी आहे, संत्री आली का, मायचे गुडघे कसे आहेत, एवढंच. सरळ टपालही बंद केलं. तिची एक मैत्रीण मेक्सिकोत होती, तिच्या पत्त्यावरून आमची पत्रं जायची-यायची. आणि अशातच एक जाड पाकीट आलं. त्यात मुलांसाठी लिहिलेली एक गोष्ट होती, इंग्रजीत उतरवलेली.

गोष्ट अशी. एका गावात हुकूम निघतो की कोणाच्याही कपड्याला खिसा असता कामा नये. लोक खिशात काय ठेवतात ते सरकारला दिसत नाही, म्हणून. गावात शिंप्याची एक मुलगी असते. ती अस्तराच्या आत चोरून खिसे शिवून देते. कोणी त्यात बिस्किट ठेवतं, कोणी भोवरा. एक म्हातारी तर नुसती आपल्या मुलाचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवते.

पुस्तक निघालं आणि महिन्याभरात बंदी आली. प्रती गोळा करून जाळल्या. बरोबरच्या पत्रात तिनं लिहिलं होतं, प्रभा, इथे ही गोष्ट आता कुठेच नाही. तुझ्या भाषेत ती छापून घे. कोणत्याही भाषेत का होईना, ती कुठेतरी असू दे.

तिनं अकरा-बारा वर्षांच्या पत्रांत माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. हे पहिलं.

मी पंधरा दिवसांत मराठी केलं. इतक्या भराभर मी कधीच लिहिलं नव्हतं. ते घेऊन गांधीबागेत गेले, वामनराव ठवकरांकडे. वामनराव इथे पहिल्या रांगेत बसले आहेत. कापडाच्या दुकानावरच्या एका खोलीतून ते मुलांचं मासिक काढायचे, अजूनही काढतात. त्यांनी ती गोष्ट उभ्यानंच वाचली. एका ठिकाणी मोठ्यानं हसले. म्हातारीच्या चिठ्ठीपाशी आले तेव्हा चष्मा काढला. म्हणाले, "ताई, पुढच्याच अंकात घेतो. चित्रं पन काढून घेतो."

आणि दिवस कोणते होते, ते तुम्हाला आठवत असेल. आपल्याकडे आणीबाणी होती.

मी म्हटलं, वामनराव, सेन्सॉर?

ते म्हणाले, "पोट्ट्यांच्या मासिकाले कोन विचारते जी! आन् विचारलंच तर सांगू, कपड्याच्या बाजारात बसून राहिलो, कपड्याचीच गोष्ट छापनार ना!"

मी हसत हसत जिना उतरले. घरी येताना सीताबर्डीवर आमच्या ओळखीच्या एक बाई भेटल्या. त्यांचे यजमान दुसऱ्या एका शाळेत मास्तर. पंधरा दिवसांपूर्वी त्यांना धरून नेलं होतं. का, ते कोणी सांगेना. बाई डबा घेऊन पोलीस कचेरीच्या दारात रोज जाऊन बसत होत्या. मला म्हणाल्या, "प्रभाताई, पगार थांबला यांचा. काय करू?" मी त्यांचा हात धरून उभी राहिले.

त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. माझी नोकरी अनुदानाच्या शाळेतली. घरात मिळवती मी एकटी. मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले. आणि परदेशातून येणारी जाड पाकिटं आमच्या पोस्टमनला तोंडपाठ. मी तीन दिवस विचार केला. विचार केला म्हणते आहे, पण तो विचार नव्हता. तीन दिवस मी नुसती भीत होते.

चौथ्या दिवशी मी पुन्हा गांधीबागेतला तो जिना चढले. वामनरावांना म्हटलं, भाषांतर अजून कच्चं आहे, सुधारून आणते. त्यांनी कागद काढून दिले. म्हणाले, "लवकर आना जी, चित्रकार बसून राहिला."

मी आणले नाहीत.

इर्माला मी पत्र लिहिलं. चांगल्या अक्षरात लिहिलं. संपादकांना सध्या छापणं शक्य नाही, असं लिहिलं. एकच वाक्य.

मायनं विचारलं, "काय म्हने तो गांधीबागवाला?"

मी म्हटलं, नाही छापत म्हणतो.

माय म्हणाली, "भित्रा दिसते."

वामनराव, मी तेव्हा काही बोलले नाही. माझ्या मायच्या लेखी, ती जाईपर्यंत, तुम्ही भित्रे राहिलात. आज या सगळ्यांच्या देखत मी तुमची माफी मागते.

आणीबाणी उठली. तुम्ही म्हणाल, मग तेव्हा का नाही दिली? मीही स्वतःला हेच विचारत आले. द्यायची म्हटलं तर वामनरावांना काय सांगायचं? आणि छापून आली तर इर्माला कोणत्या तोंडानं कळवायचं, की ज्यांना शक्य नव्हतं त्यांना आता शक्य झालं? एक खोटं जपायला मी ती गोष्ट कपाटात ठेवली. आधी भीती होती, ती तरी समजू शकते. नंतर नुसती लाज होती. लाजेपायी माणूस जे करतो, ते भीतीपायी केलेल्यापेक्षा वाईट असतं, असं मला आता वाटतं.

इर्माची पत्रं येत राहिली. तिचं लिहिणं बंद होतं, रेडिओ बंद होता. ती शिवणकाम करून पोट भरत होती. माझी माय गेली तेव्हा तिचं चार पानी पत्र आलं. माय तिला कशी संत्री सोलून द्यायची, शिरा काढून, बिया काढून, हे तिनं इतकं बारीक लिहिलं होतं की ते वाचताना मला माझी आई पुन्हा दिसली. त्या पत्रात त्या गोष्टीचा उल्लेख नव्हता. एकाही पत्रात नव्हता. मला वाटे, विसरली. मला बरं वाटे. होय, बरं वाटे.

लष्कर गेलं तेव्हा ती पुन्हा लिहू लागली. या वेळी स्वतःचं काही नाही. ज्यांची मुलं नेली गेली त्या आयांच्या घरी ती जायची, त्यांच्या स्वयंपाकघरात बसायची आणि त्या जे बोलतील ते उतरवून घ्यायची. ती ना कविता होती, ना कथा, ना नाटक. मी विचारलं, याला काय म्हणायचं? तिनं लिहिलं, काही म्हणू नको, नीट ऐकून लिही. त्याची साठ पानं माझ्याकडे आली आहेत. पुढची येणार होती.

परवा भाचीचं पत्र आलं, आणि मी आधी वामनरावांकडे गेले. सभा ठेवायची म्हणून सांगायला. आठ वर्षांत तो जिना मी चढले नव्हते. वामनरावांनी ऐकून घेतलं. मग उठले, कपाटातून एक लखोटा काढला आणि म्हणाले, "ताई, ते बाई होती तवरक मी हे दाखवू शकत नव्हतो. तिनं मनाई केली होती. आता वाचा."

मंडळी, झालं होतं असं. मी कागद परत आणून देईना, म्हणून चार महिने वाट पाहून वामनरावांनी सरळ इर्मालाच पत्र टाकलं होतं. गोष्टीच्या माथ्यावर मेक्सिकोचा पत्ता होता, तो त्यांनी उतरून ठेवला होता. त्यांच्या मनात काही नव्हतं. तुमची गोष्ट आम्हाला फार आवडली, चित्रंसुद्धा तयार आहेत, भाषांतर सुधारून लवकर द्यायला आपण प्रभाताईंना सांगावं, एवढंच त्यांनी लिहिलं होतं.

म्हणजे तिला माहीत होतं. आठ वर्षं माहीत होतं. मायच्या मृत्यूचं ते चार पानी पत्र तिनं लिहिलं, तेव्हाही माहीत होतं.

तिचं वामनरावांना आलेलं उत्तर मी आता तुम्हाला सांगते. पाठ झालं आहे. तिनं लिहिलं, प्रभाला भीती वाटली असणार. इथे आम्ही सगळेच भ्यालेलो आहोत. माझ्या शेजारणीनं माझी पुस्तकं अंगणात पुरली, माझा प्रकाशक रस्त्यात मला ओळख दाखवत नाही. त्यांचा मला राग येत नाही. प्रभाचा मात्र आला आहे. ती इतकी दूर आहे, आणि मला वाटलं होतं दूरची माणसं सुरक्षित असतात, म्हणून आला असेल. तिला काही विचारू नका. तिला हे कळलं की मला कळलं आहे, तर ती लाजून पत्र लिहायचं थांबवेल. आणि तिची पत्रं थांबली, तर या घरात माझ्याशी बोलणारं कोणी उरणार नाही.

हे वाचून मी काय करावं?

तिनं मला क्षमा केली असं मी म्हणू शकत नाही. तिनं तसं लिहिलेलं नाही. ती रागावली होती, आणि राग गिळून मला संत्र्यांविषयी विचारत होती. मला वाटत होतं मी तिला सांभाळून घेते आहे, हवापाण्याच्या गप्पा लिहून तिचं मन रमवते आहे. सांभाळत ती होती. गरज तिला होती आणि सांभाळतही तीच होती.

तुम्ही मला सांगाल, ताई, दिवसच तसे होते. खरं आहे, होते. पण त्याच दिवसांत वामनराव छापायला तयार होते. त्यांना काय बायको-मुलं नव्हती?

ती गोष्ट मी काल वामनरावांना दिली. एक अक्षर न बदलता दिली, कारण ती कच्ची कधी नव्हतीच. या महिन्यात छापून येईल. मुलं वाचतील, कंटाळली तर उठून जातील. आयांच्या त्या साठ पानांचं काम मी सुरू केलं आहे. पुढची पानं भाची शोधून पाठवणार आहे. यानं काही फिटलं असं मी समजत नाही. काम आहे, ते करायचं.

एवढंच बोलायचं होतं. आता शोकसभेच्या शेवटी मी तुम्हाला शांत उभं राहायला सांगायला हवं. पण मंडळी, आठ वर्षं मी शांतच होते, आणि त्या शांततेत तिच्याविषयीचा आदर नव्हता. म्हणून जे पत्र मी तिला लिहायला हवं होतं, ते आधी मोठ्यानं म्हणते. मग आपण उभं राहू.

इर्मा वं, संपादकांनी नाही म्हटलं नव्हतं. नाही मी म्हटलं. मी भ्याले होते, आणि तुला खोटं लिहिलं.

उठा मंडळी.